पास सुटला की सगळे हलले पाहिजेत: फुटबॉलमध्ये एकत्र बचाव कसा शिकवावा

नाशिकच्या कुठल्याही मैदानावर मुलांची मॅच पाहा, बाहेरून एकच सूचना ऐकू येते: "आपला माणूस धर!" याच सूचनेने बचाव फाटतो. माणूस नेईल तिकडे पोरगं जातं आणि गोलसमोर भगदाड पडतं. आधी चेंडू, मग शेजारचा साथीदार, मग समोरचा खेळाडू, हा क्रम मुलांच्या अंगवळणी पाडा.

अख्खं मैदान लागत नाही. क्रिकेटच्या पिचा सोडून उरलेल्या जागेत ४० बाय ३० मीटर आखा. चार बचावपटू एका ओळीत, त्यांच्या पुढे दहा-बारा मीटरवर चार मिडफिल्डर. समोर सहा जण, त्यांनी फक्त पास द्यायचे.

आता सरकणं. सगळी गोम इथे आहे. चेंडू उजवीकडे गेला की सगळे उजवीकडे, हे मुलांना लगेच कळतं. पण ती निघतात कधी? चेंडू समोरच्याच्या पायात पोचल्यावर. तोवर उशीर झालेला असतो. निघायचं ते पास सुटताक्षणी, चेंडू वाटेत असताना. तो पोचेपर्यंत आपण जागेवर थांबलेलं हवं. म्हणून सुरुवातीला चेंडू हिसकावण्यावर बंदी घाला. ती मुभा दिली की प्रत्येक जण चेंडूमागे एकटा पळतो आणि ओळ मोडते.

सर्वांत जवळचा पुढे जाऊन अडवतो, शेजारचा त्याच्या मागे तिरका, पाच-सहा मीटरवर. हमखास चुकतो तो लांबचा फुलबॅक, म्हणजे ओळीच्या पलीकडच्या टोकाचा बचावपटू. चेंडू उजव्या साइडलाइनला असेल, तर डाव्या फुलबॅकने गोलच्या रुंदीइतकं आत यायलाच हवं. बाहेरून पालक ओरडतील, "तो मोकळा सुटलाय!" सुटू द्या. तिथवर उंच पास जाईपर्यंत परत फिरायला वेळ मिळतो. मधल्या फटीतून आलेल्या पासनंतर तो मिळत नाही.

कमरेला दोरी बांधून सराव घ्या, असं कुणी सांगेल. ऐकू नका. दोरीला हिसका बसतो तेव्हा शेजारी आधीच हललेला असतो, आणि मुलांची नजर चेंडूवरून दोरीवर जाते. प्रशिक्षक आर्रिगो साक्कींच्या ज्या एसी मिलान या इटालियन क्लबने १९८९ आणि १९९० मध्ये युरोपियन कप जिंकला, तो संघ चेंडूशिवायसुद्धा ही सामूहिक हालचाल घोटून घ्यायचा. तुम्हीही तीच घोटून घ्या.

समोरच्यांनी चेंडू त्यांच्या गोलकडे मागे दिला, तर ओळ वर, म्हणजे पुढे. समोरचा मोकळा असेल आणि मान वर करून बघत असेल, तर मागे. हाक गोलकीपरची, कारण सगळं मैदान त्याच्यासमोर असतं. पास सुटताना आपल्या ओळीच्या पलीकडे उभा असलेला समोरचा ऑफसाइड ठरेल, या भरवशावर लहान मुलांना वर ठेवू नका.

जुलैच्या चिखलात चेंडू मध्येच अडकतो, सरकण्याचा ताल चुकतो. तेव्हा जागा निम्मी करा.

मॅचमध्ये पास सुटताना चेंडूकडे न बघता लांबच्या फुलबॅकचे पाय बघा. ते जागचे हलले नाहीत, तर पुढच्या सरावात हिसकावण्यावर पुन्हा बंदी.