कुराण वाचताना जाड आणि बारीक अक्षरं कशी काढायची

कोंढवा असो की कॅम्प, आपल्या पुण्यातल्या बऱ्याच जणांचं तिलावत (कुराणपठण) करताना एकच होतं, जाड अक्षर काढायचं म्हणून ओठ गोल करतात. ओठांचं काम नाहीये ते! जिभेचा मागचा भाग वर टाळूकडे उचलायचा, आवाज आपोआप भरतो.

कायम जाड अक्षरं सातच, ख़ा, साद, दाद, ग़ैन, ता (तोय वाला), क़ाफ, ज़ा (ज़ोय वाला). बाकीची बारीक, फक्त रा, लाम आणि अलिफ पार्टी बदलतात. अलिफ आधीच्या अक्षरासारखा चालतो, म्हणून "क़ाल" मधला आ जाड पण "मालिकि" मधला बारीक, त्याचं "मॉलिकि" करू नका प्लीज, हे फार ऐकू येतं.

लामचं सोपंय, तो फक्त अल्लाह या नावातच जाड होतो, तेही आधी जबर ('अ' ची खूण) किंवा पेश ('उ' ची खूण) असेल तर. "बिस्मिल्लाह" मध्ये आधी जेर ('इ' ची खूण) आहे म्हणून बारीक. रा वर जबर-पेश असला की जाड (अर्रहमान), खाली जेर असला की बारीक. साकिन (स्वर नसलेल्या) रा चे नियम जरा किचकट आहेत, ते उस्तादांसमोर बसूनच शिका.

"सिरात" मध्ये साद खाली जेर आहे म्हणून लोक सरळ सीन (बारीक 'स') काढतात, तर तसं नाही, जाडपणा कमी होतो पण जात नाही.

प्रॅक्टिसला इजिप्तचे कुराणपठणकार अल-हुसरींचं संथ रेकॉर्डिंग लावा, एक आयत ऐका, मोबाईलवर स्वतःची रेकॉर्ड करा आणि लागोपाठ ऐका.