दालचिनी रोज घेताय? या चुका टाळा

रोज सकाळी उपाशीपोटी चमचाभर दालचिनी पावडर कोमट पाण्यातून घेणारे बरेच जण असतात. साखर आटोक्यात येईल, वजन उतरेल ही आशा. पदार्थात घातलेल्या इंचभर तुकड्याची मला धास्ती नाही, या रोजच्या चमच्याची मात्र नक्की वाटते.

पहिली चूक खरेदीतच होते. दालचिनी म्हणून वेगवेगळ्या झाडांच्या साली विकल्या जातात. सिलोन दालचिनीची कांडी हातात घेऊन बघा: कागदासारखे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले, बोटांनी दाबले की चुरा. दालचिनी म्हणूनच विकली जाणारी दुसरी साल म्हणजे कॅशिया: जाड नि टणक, एकाच थराची, दोन्ही कडा आत वळलेल्या. पावडर झाली की नुसत्या नजरेला फरक कळत नाही, म्हणून रोज घ्यायचीच असेल तर अख्खी सिलोन कांडी आणून घरी कुटा.

एवढा खटाटोप कशाला? कॅशियात कुमारिन हे नैसर्गिक सुगंधी द्रव्य भरपूर असते आणि ते काहींच्या यकृताला बाधते. सिलोनमध्ये ते अगदी नाममात्र. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ठरवलेली रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. कॅशियाच्या एका ग्रॅममध्येच साधारण ३ मिलिग्रॅम कुमारिन. दोन ग्रॅममध्ये हिशेब पुरा, आणि चहाचा चमचा त्याहून जास्तच भरतो! १५ किलोच्या मुलाची मर्यादा तर अर्ध्या ग्रॅमलाच संपते. एखाद्या दिवशी जास्त झाली तर घाबरू नका, प्रश्न महिनोन्महिने घेण्याचा आहे. यकृताचा त्रास असेल तर हा प्रयोग नकोच. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर पावडर बंद करून डॉक्टर गाठा.

मधुमेहाची गोळी सोडून दालचिनीवर विसंबणे ही तर घातक चूक. साखरेवरच्या परिणामाचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. गोळी किंवा इन्सुलिनच्या जोडीला मोठी मात्रा घेतली तर साखर जास्त उतरू शकते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तरी आधी डॉक्टरांना विचारा.

कोरडी पावडर तोंडात टाकू नका. ठसका लागून ती फुप्फुसात गेली तर तिथे विरघळत नाही. दालचिनीचे तेल हिरडीवर थेट लावले तर भाजते.

पाण्यात तळाशी बुळबुळीत गाळ बसतो म्हणून भेसळीचा संशय येतो, पण ती सालीचीच चिकटाई. पावडरीऐवजी तुकडा उकळून गाळून घ्या.