कातळावरची कलमं कशी वाचली
रत्नागिरीजवळ आमचं घर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. नुसता जांभा, माती कुठे बोटभर तर कुठे तीही नाही. ब्रेकर लावून मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे खणले, खालून विकतची माती आणून भरली आणि हापूसची 10 कलमं लावली. ऑगस्टपर्यंत 6 कलमांची पानं पिवळी पडून गळाली. मला वाटलं खत कमी पडलं, म्हणून अजून शेणखत घातलं. तीच चूक.

शेजारचे काका आले, एक मेलेलं कलम उपटून मुळं माझ्या नाकाशी धरली. काळी, बुळबुळीत, कुजका वास. "अरे, तू खड्डा नाही, हौद खणलायस. पाणी जाणार कुठे?"

खरंच होतं. आमच्याकडे पाऊस 3000 मिलिमीटरच्या वर, आणि खड्ड्याच्या भिंती सगळ्या दगडाच्या.

पुढच्या मे महिन्यात त्या सहापैकी प्रत्येक खड्ड्याच्या उताराकडच्या अंगाला पहारीने चर फोडला, साधारण अर्ध्या खोलीपर्यंत. चराच्या पातळीपर्यंत तळाला जांभ्याचे तुकडे भरले, त्यावर माती, पालापाचोळा, शेणखत. वर उंचवटा केला आणि नवं कलम त्यावर लावलं. खालच्या अंगाला दगडांची अर्धगोल ताल, म्हणजे बांध रचला, माती वाहून जाऊ नये म्हणून. पावसात चरातून गढूळ पाणी वाहताना पाहिलं तेव्हा जिवात जीव आला.

उन्हाळ्यात मात्र कातळ तव्यासारखा तापतो. बुंध्याभोवती गवताचं जाड आच्छादन घालतो, पण खोडाला चिकटवून नाही, वाळवी लागते. नवी सहाही कलमं तिसऱ्या वर्षात आहेत, यंदा तांबूस पालवी फुटलीय.