प्रीकास्ट कंपाउंडच्या प्लेटा बदलण्याआधी

प्रीकास्ट कंपाउंड म्हणजे काँक्रीटच्या तयार खांबांच्या खाचांत वरून सरकवलेल्या काँक्रीटच्या प्लेटांची भिंत. तिच्या प्लेटा बदलण्याआधी काय काय तपासायचं त्या यादीत सगळ्यात वर खांब लिहा. प्लेटा बाजारात कधीही मिळतात, पण सांगलीच्या काळ्या मातीत खांब सरळ उभा आहे की नाही, हे आधी बघावं लागतं. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि मुरमापर्यंत न पोचलेला खांब दर वर्षी थोडा थोडा कलत जातो. साताऱ्याकडच्या मुरमाड जमिनीवर हा जाच कमी. ओळंबा खांबाच्या लागून असलेल्या दोन बाजूंना लावा, एकाच बाजूने बघून समाधान मानू नका. खांबाच्या कोपऱ्यावर उभी भेग आणि तांबूस डाग दिसला तर आतली सळई गंजली आहे असं समजा. असा खांब ठेवून त्यात नव्या प्लेटा घालण्यात अर्थ नाही.

मग टेप. दोन खांबांमधलं अंतर एकाच्या खाचेच्या तळापासून समोरच्या खाचेच्या तळापर्यंत मोजायचं, तेही वर, मध्ये आणि खाली. सगळ्यात कमी भरेल त्यातून पाऊण ते एक इंच वजा केलं की प्लेटेची लांबी मिळते. पण इथेच घाई नडते. समजा खाली ८३ इंच आणि वर ८५ इंच भरलं. खालच्या मापाने सव्वाब्याऐंशी इंचांची प्लेट आणली. खाच दीड इंच खोल असेल तर वरच्या बाजूला खांबांच्या तोंडांमधली मोकळी जागाच ८२ इंच आहे, म्हणजे वरची प्लेट दोन्हीकडे मिळून जेमतेम पाव इंच अडकणार. कुणी नुसतं टेकलं तरी ती सुटेल. प्रत्येक टोक निदान एक इंच खाचेत बसायलाच हवं. बसत नसेल तर खांब सरळ करणं हे पहिलं काम, ऑर्डर नंतर. दोन खांबांमधला प्रत्येक गाळा वेगळा मोजा. एका गाळ्याच्या मापावर सगळ्या बागेचा माल आणणारे गवंडी आहेत. प्लेटेची जाडीही खाचेच्या रुंदीशी ताडून बघा.

प्लेटा घेताना त्या कधी ओतल्या ते विचारा. काँक्रीटची पुरी ताकद धरायची मुदत २८ दिवसांची, आणि नीट पाणी न मारलेला माल गाडीतून उतरवतानाच तडकतो. सात फूट लांब, एक फूट उंच आणि दोन इंच जाड प्लेट साधारण ७८ किलो भरते, म्हणून दोघांच्या भरवशावर हे काम धरू नका, चौघं बोलवा. छोटा हत्ती टेम्पोत आणताना प्लेटा कडेवर उभ्या, दोरीने आवळून ठेवायला सांगा. आडव्या रचल्या की खड्ड्याच्या दणक्याने मध्येच मोडतात. गाडी आणि माणसं आधीच सांगून ठेवा, कारण दिवाळी ते होळी हे या कामाचे चांगले दिवस आणि नेमकी तेव्हाच ऊसतोड चालू असते.

घरात काढून ठेवायचं सामान फार नाही: पहार, घण, छिन्नी-हातोडी, घमेलं, जाड हातमोजे, बंद बूट. खाचेत कुणीतरी सिमेंट भरून ठेवलेलं असतंच, ते छिन्नीने आधी मोकळं करा. प्लेटा वरूनच निघतात, त्यामुळे खालची एक बदलायची तरी वरच्या सगळ्या काढून ठेवायला जागा लागते. बोगनवेल छाटा, कंपाउंडलगत मोटारीची केबल जात असेल तर करंट बंद करा. जुन्या प्लेटांच्या फटीत विंचू हमखास असतो, कधी घोणसही. हात घालण्याआधी काठी फिरवा आणि सर्पमित्राचा नंबर खिशात ठेवा.

शेजाऱ्यांना आधी सांगा. माणसं त्यांच्याही बाजूला उभी राहणार आहेत. जुन्याच खाचेत प्लेट बसते तोवर हद्दीचा विषय निघत नाही. खांब इंचभर सरकवायचा म्हटलं की निघतो, आणि मग दोघांनी मिळून भूमी अभिलेखची मोजणी करून घेतलेली बरी.

सगळ्यात खालची प्लेट जमिनीत गाडायची का, हे माल मागवण्याआधी ठरवा. कुत्री-डुकरं येऊ नयेत म्हणून लोक तळ बंद करतात. नदीपासून लांब, उंचावर ते चालेल. पण २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी जिथवर आलं त्या भागात मी तळाशी फट सोडायलाच सांगेन. एका बाजूला तीन फूट पाणी साचलं आणि दुसरी कोरडी राहिली तर सात फुटी गाळ्यावर सुमारे नऊशे किलोंचा रेटा येतो, आणि नुसत्या खाचेत अडकवलेल्या प्लेटा तेवढ्यासाठी केलेल्या नसतात. चारेक इंचांची फट ठेवून तिला मोठ्या भोकांची जाळी लावा, आणि तेवढी उंची प्लेटांच्या एकूण उंचीतून आताच वजा करा.