विधेयक हातात घेऊन सभागृह पाहताना : नवोदितांसाठी काही अनुभव

राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत असताना नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात भरणाऱ्या संसदीय अभ्यासवर्गासाठी माझी निवड झाली होती. राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेतर्फे राज्यातील विद्यापीठांमधील राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन या विषयांच्या विद्यार्थ्यांसाठी हा वर्ग घेतला जातो, आणि व्याख्यानांबरोबर प्रेक्षक गॅलरीत बसून प्रत्यक्ष कामकाज पाहण्याची संधीही त्यात मिळते. त्या दिवशी सायंकाळी तासाभरात विधानसभेत चार विधेयके संमत झाली. खाली चाललेले सर्व बोलणे मराठीत होते, प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येत होता, आणि तरीही त्या चारांपैकी एकाही विधेयकाने कोणता कायदा कसा बदलला हे मला सांगता आले नसते. पुढे काही वर्षे एका विधानसभा सदस्यांकडे वैधानिक कामासाठी सहायक म्हणून राहिलो, तेव्हा त्या सायंकाळी काय चुकले होते ते समजले. माझ्या हातात विधेयकाची प्रत नव्हती. विधिमंडळाचे काम शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो, की सभागृहात जाण्यापूर्वी विधेयक वाचा, कारण सभागृहात ते कोणीही वाचून दाखवत नाही.

दिवसाची रचना आधी समजून घ्यावी. अधिवेशनाची तात्पुरती दिनदर्शिका कामकाज सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते, आणि प्रत्येक दिवसासाठी दोन्ही सभागृहांचा स्वतंत्र कामकाजाचा क्रम निघतो, ज्याला विधानभवनात सर्रास ‘ऑर्डर ऑफ द डे’ म्हणतात. सर्वसाधारणपणे सुरुवातीला प्रश्नोत्तरांचा तास असतो. त्यानंतर कागदपत्रे पटलावर ठेवली जातात, स्थगन प्रस्तावांवर, म्हणजे ठरलेले काम बाजूला ठेवून तातडीच्या विषयावर चर्चा घ्यावी अशा मागण्यांवर, निर्णय होतो, औचित्याचे मुद्दे येतात, तातडीच्या सार्वजनिक प्रश्नाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या लक्षवेधी सूचना घेतल्या जातात, आणि हे सर्व पार पडल्यावर शासकीय विधेयकांची पाळी येते. लक्षवेधी फार साचल्या असतील तर त्यांच्यासाठी सकाळी विशेष बैठकही बोलावली जाते. प्रश्नोत्तरे आणि लक्षवेधी यांत मतदारसंघांची दुखणी थेट मांडली जातात, त्यामुळे गॅलरी त्या वेळी भरलेली असते. विधेयके पुकारली जातात तोवर ती बरीच रिकामी झालेली असते. नवोदिताने नेमके तेव्हाच थांबायला हवे. विधानसभेची गणपूर्ती, म्हणजे कामकाजासाठी लागणारी किमान उपस्थिती, 288 सदस्यांच्या एक दशांश, म्हणजे 29 आहे, आणि राज्यभर लागू होणाऱ्या एखाद्या कायद्यावरील चर्चा किती मोजक्या सदस्यांच्या उपस्थितीत होऊ शकते हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे त्या मोजक्या सदस्यांच्या तयारीचे मोल कळते.

आता विधेयकाच्या प्रतीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. नवखा वाचक पहिल्या पानापासून सुरुवात करतो आणि ‘ज्याअर्थी’ व ‘त्याअर्थी’ यांत अडकतो. मी शेवटापासून वाचायला शिकलो. खंड संपल्यानंतर ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असते, ज्यात हे विधेयक कशासाठी आणले आहे ते शासनाने आपल्या शब्दांत सांगितलेले असते. त्याच्यानंतर येणारे ‘वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन’ बहुतेक जण उलटून टाकतात. मी मात्र तेच आधी वाचतो. कोणत्या बाबी पुढे नियमांद्वारे किंवा अधिसूचनेद्वारे ठरवण्याचे अधिकार शासनाकडे जाणार आहेत याची यादी त्यात असते, आणि शुल्क किती, मुदत किती, अपील कोणाकडे, हे सामान्य माणसाच्या जिव्हाळ्याचे प्रश्न पुष्कळदा खंडांमधून निघून या यादीत जाऊन बसलेले असतात. तिजोरीतून खर्च होणार असेल तर वित्तीय ज्ञापनही जोडलेले असते. हे वाचून झाल्यावर खंडांकडे वळावे.

सभागृहासमोर येणारी बरीचशी विधेयके सुधारणा विधेयके असतात. त्यांच्यातील एखादा खंड एवढेच सांगतो की मूळ अधिनियमाच्या अमुक कलमातील अमुक मजकुराऐवजी तमुक मजकूर दाखल करण्यात येईल. मूळ अधिनियम शेजारी उघडून ठेवल्याशिवाय त्यातून काहीही अर्थबोध होत नाही. सुधारणा विधेयकाच्या शेवटी मूळ अधिनियमातील संबंधित उतारे जोडलेले असतात, पण मी संपूर्ण मूळ अधिनियम घेऊन बसण्याची सवय लावून घेतली, कारण एका कलमातील बदलाचे परिणाम चार पाने पुढच्या दंडाच्या कलमात दिसतात. विधेयकातील तरतुदीला ‘खंड’ आणि अधिनियमातील तरतुदीला ‘कलम’ म्हणतात, हेही पहिल्या दिवशीच पक्के करून टाकावे. माझी पहिली मोठी चूक याच भेदातून झाली. स्थानिक स्वराज्य संस्थांशी संबंधित एका छोट्या सुधारणा विधेयकासाठी मी रात्रभर बसून सुधारणा लिहिली आणि ती मूळ अधिनियमाच्या अशा कलमाला सुचवली, ज्याला विधेयकाने हातच लावलेला नव्हता. विधिमंडळ सचिवालयातील एका अनुभवी अधिकाऱ्यांनी मला समोर बसवून शांतपणे समजावले की सदस्याची सुधारणा विधेयकाच्या खंडाला द्यायची असते, आणि ती विधेयकाच्या व्याप्तीत बसायला हवी; मूळ कायद्यात दुसरे काही बदलायचे असेल तर त्यासाठी वेगळे विधेयक आणावे लागते. साहेबांनी, म्हणजे मी ज्यांच्याकडे काम करत होतो त्या सदस्यांनी, मतदारसंघातील लोकांना त्या सुधारणेविषयी शब्द दिलेला होता. तो मोडला तो माझ्या अज्ञानामुळे, आणि त्याचे वाईट मला अजूनही वाटते.

विधेयक पुरःस्थापित होते, म्हणजे सभागृहात प्रथम मांडले जाते, तेव्हा सहसा चर्चा होत नाही. खरे काम सुरू होते ते मंत्री उभे राहून विधेयक ‘विचारात घेण्यात यावे’ असा प्रस्ताव मांडतात तेव्हा. या टप्प्यावर विधेयकाच्या तत्त्वावर बोलायचे असते, आणि ते त्याच सभागृहातील निवडक सदस्यांच्या प्रवर समितीकडे किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवावे अशी मागणीही इथेच करता येते. तत्त्व मान्य झाले की खंडशः विचार सुरू होतो, आणि इथून पुढे वेग असा वाढतो की पान उलटेपर्यंत तीन खंड मागे पडतात. अध्यक्ष एकेक खंड किंवा खंडांचा गट मतास टाकतात, अनुकूल सदस्य ‘होय’ आणि प्रतिकूल सदस्य ‘नाही’ म्हणतात, आणि खंड ‘विधेयकाचा भाग झाले’ असे जाहीर होते. संक्षिप्त शीर्षक ज्यात असते तो खंड 1 सर्वांत शेवटी घेतला जातो, त्यामुळे कामकाज खंड 2 पासून सुरू झालेले पाहून गोंधळू नये. सुधारणा ज्यांच्या नावे आहे ते सदस्य त्या क्षणी जागेवर नसतील तर ती मांडलीच जात नाही. एका अधिवेशनात आमची सुधारणा नीट लिहिलेली होती, वेळेत दिलेली होती, आणि साहेब लॉबीत एका शिष्टमंडळाशी बोलत असताना तो खंड संमत होऊन गेला. त्यानंतर विधेयकाचा क्रमांक जवळ आला की दोन विधेयके आधीपासून साहेबांना सभागृहात बसवून ठेवणे हे मी माझ्या कामाचा भाग मानले.

समितीकडे विधेयक गेले म्हणजे काय घडते याचे एक अलीकडचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै 2024 मध्ये पावसाळी अधिवेशनात आले, पण त्या विधानसभेत ते संमत झाले नाही. निवडणुकीनंतर डिसेंबर 2024 मध्ये नागपुरात ते पुन्हा मांडले गेले आणि संयुक्त समितीकडे सोपवले गेले. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या, विधेयकाच्या शीर्षकातील व उद्देशिकेतील शब्दरचना बदलली, तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा दर्जा वाढवला गेला, आणि जुलै 2025 मध्ये आधी विधानसभेने व नंतर विधानपरिषदेने ते संमत केले. त्या विधेयकाविषयी कोणाचे मत काहीही असो, विद्यार्थ्याने मूळ मसुदा आणि समितीने सुधारलेला मसुदा शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहावी. एवढे शिक्षण कोणत्याही व्याख्यानातून मिळणार नाही. याउलट 20 फेब्रुवारी 2024 रोजी एकदिवसीय विशेष अधिवेशनात मराठा समाजाला 10 टक्के आरक्षण देणारे विधेयक दोन्ही सभागृहांनी एकाच दिवशी संमत केले. निकड असली तरी राज्याच्या सामाजिक रचनेवर इतका दूरगामी परिणाम करणाऱ्या विधेयकाला खंडशः चर्चेसाठी पुरेसा वेळ मिळायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते कोणत्याही एका पक्षाच्या सरकारपुरते नाही.

अध्यादेशांकडेही लक्ष ठेवावे. अधिवेशन चालू नसताना राज्यपालांनी काढलेला, कायद्यासारखाच लागू होणारा अध्यादेश विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी संपुष्टात येतो, म्हणून अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी पटलावर ठेवले जाणारे अध्यादेश पाहिले की पुढील दिवसांत कोणती विधेयके येणार याचा अंदाज बांधता येतो. जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश ऑगस्ट 2013 मध्ये निघाला आणि त्याचे विधेयक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात संमत झाले, ते याच क्रमाने.

विधानपरिषदेकडे दुय्यम सभागृह म्हणून पाहण्याची चूक करू नये. तिच्या 78 सदस्यांपैकी 30 विधानसभा सदस्यांकडून, 22 स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, 7 पदवीधरांकडून आणि 7 शिक्षकांकडून निवडून येतात, तर 12 राज्यपालनियुक्त असतात. धन विधेयके, म्हणजे केवळ कर, शासकीय खर्च अशा बाबींची विधेयके, आणि काही वित्तीय विधेयके वगळता कोणतेही विधेयक तिथे आधी मांडता येते, आणि शाळांमध्ये मराठी अनिवार्य करणारे विधेयक फेब्रुवारी 2020 मध्ये आधी विधानपरिषदेत संमत होऊन 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, विधानसभेत संमत झाले. राज्यघटनेच्या अनुच्छेद 197 प्रमाणे परिषद विधेयक कायमचे अडवू शकत नाही. विधानसभेने पाठवलेले विधेयक ती पहिल्या वेळी तीन महिने आणि दुसऱ्या वेळी एक महिना थांबवू शकते. धन विधेयकासाठी ही मुदत केवळ 14 दिवस आहे. तरीही शिक्षण आणि सेवाविषयक विधेयकांवरील बारकाईची भाषणे मला विधानपरिषदेतच अधिक ऐकायला मिळाली.

शुक्रवारी अशासकीय कामकाज असते आणि त्या वेळी मंत्री नसलेल्या सदस्यांची विधेयके येतात. ती सहसा संमत होत नाहीत म्हणून सहायक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. मी तसे करू नका म्हणेन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी तत्कालीन मुंबई विधानसभेत खोती पद्धत, म्हणजे कोकणात खोतांमार्फत कुळांकडून सारा वसूल करण्याची पद्धत, नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते असेच एका सदस्याचे विधेयक होते. ते त्या वेळी कायद्यात उतरले नाही, पण कोकणातील कुळांचा प्रश्न त्याने सभागृहाच्या दप्तरी कायमचा नोंदवला, आणि खोती रद्द करणारा कायदा 1949 मध्ये झाला.

दोन्ही सभागृहांनी संमत केल्यानंतर विधेयक राज्यपालांकडे जाते, आणि काही विधेयके राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवली जातात. महिला व बालकांवरील गुन्ह्यांसाठीचे शक्ती विधेयक डिसेंबर 2021 मध्ये संमत होऊनही या टप्प्यावर अडले, त्यामुळे ‘विधेयक संमत’ ही बातमी आणि ‘कायदा लागू’ ही बातमी वेगवेगळी समजावी. अधिनियम राजपत्रात प्रसिद्ध झाला तरी तो अमलात येण्याचा दिनांक कलम 1 मध्ये शासनावर सोपवलेला असू शकतो, आणि मग त्या अधिसूचनेची वाट पाहावी लागते.

माझ्या कामाच्या तिसऱ्या वर्षी एका विधेयकात अर्ज निकाली काढण्यासाठी अधिकाऱ्यावर कोणतीही मुदत घातलेली नव्हती. आम्ही त्या खंडाला तीस दिवसांची मुदत सुचवणारी सुधारणा दिली. या वेळी साहेब जागेवर होते, त्यांनी सुधारणा मांडली, आणि मंत्र्यांनी ती स्वीकारण्याऐवजी मुदत नियमांमध्ये घालू असे सभागृहात सांगितले. सभागृहाच्या अनुमतीने सुधारणा मागे घेतली गेली. रात्री प्रतिवेदकांनी शब्दशः नोंदवलेले कामकाज ‘असुधारित प्रत / प्रसिद्धीसाठी नाही’ अशा शेऱ्यासह मिळाले, तेव्हा मी मंत्र्यांचे ते वाक्य दिनांक आणि पृष्ठासह वहीत उतरवून घेतले. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते, आणि पुढील दोन अधिवेशनांत साहेबांनी त्या वाक्याचा आधार घेऊन पत्रे लिहिली. नियमांचा मसुदा हरकतींसाठी राजपत्रात प्रसिद्ध झाला, त्या दिवशी मी आधी मुदतीचा नियम शोधला. तिथे पंचेचाळीस दिवस लिहिले होते. आम्ही तीस दिवसांची मागणी करणारी हरकत त्याच आठवड्यात दाखल केली.