जुन्या रॉक बँडला प्रत्यक्ष ऐकायला जाताय? या चुका टाळा

ज्या बँडच्या रेकॉर्ड्स वीस-पंचवीस वर्षे झिजेपर्यंत ऐकल्या, तो अखेर समोर उभा राहतो, ओळखीचे गाणे सुरू होते आणि दोन ओळींतच काहीतरी बिनसल्यासारखे वाटू लागते. अशा वेळी बहुतेक चाहते बँडच्या वयाला दोष देऊन मोकळे होतात. माझ्या मते दोष बहुधा आपल्या कानांच्या सवयीचा असतो. स्टुडिओत अनेक तुकडे जुळवून तयार केलेले एकच रूप आपल्याला पाठ झालेले असते आणि मंचावरच्या हाडामांसाच्या माणसांकडूनही आपण तेच मागत राहतो.

‘गाणे उतरले आहे’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, आणि पुष्कळदा ती शब्दशः खरी असते. तिशीत गायलेली पट्टी सत्तरीत रोज रात्री पेलत नाही, म्हणून अनेक जुने बँड गिटारी अर्धा किंवा पूर्ण स्वर खाली लावतात. तारा सैल झाल्यामुळे गिटारचा नाद किंचित जाड होतो आणि पाठ असलेले गाणे परके वाटते. दोन गाण्यांच्या मधल्या अंधारात एक साहाय्यक वाकून पुढे येतो, वादकाच्या गळ्यातली गिटार काढून दुसरी अडकवतो, ते क्षण नीट पाहावेत, कारण पुष्कळदा ती दुसरी गिटार वेगळ्या सुरात लावलेली असते. गायक सर्वांत वरची ओळ श्रोत्यांकडे सोपवतो, तेव्हाही तो पुढच्या तासाभरासाठी दम राखत असतो. यावर उपाय सोपा आहे. कार्यक्रमाआधीचे काही आठवडे मूळ अल्बम बाजूला ठेवून त्याच बँडची अलीकडची प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणे ऐकावीत. नव्या पट्टीला कान सरावले की त्या आवाजात आता काय आहे ते ऐकू येऊ लागते, आणि ते थोडे नसते.

मूळ सदस्य नसतील तर जाण्यात अर्थ नाही, असे ठरवून टाकणे हीही चूकच. चार्ली वॉट्स 1963 पासून रोलिंग स्टोन्सचे ड्रमर होते. ऑगस्ट 2021 मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षीच्या दौऱ्यात स्टीव्ह जॉर्डन त्यांच्या जागी बसले. तीच गाणी दुसऱ्या हातांनी वेगळी चालतात आणि त्या वेगळेपणातूनच आधीच्या हातांचे मोल कळते. आयर्न मेडन या बँडचे ड्रमर निको मॅकब्रेन यांची उजवी बाजू जानेवारी 2023 मध्ये पक्षाघाताने लुळी पडली होती. तरीही काही महिन्यांत ते दौऱ्यावर परतले आणि अवघड जागा सोप्या करून वाजवत राहिले. डिसेंबर 2024 मध्ये त्यांनी दौऱ्यांतून निवृत्ती घेतली. त्यांच्या त्या काळातल्या वादनात ज्यांनी फक्त गळलेले ठोके मोजले, त्यांच्या हातून फार मोठी गोष्ट निसटली, असे मला मनापासून वाटते.

जागेची निवड चुकली की ध्वनीचा दोषही बँडच्या माथी मारला जातो. अगदी मंचासमोरच्या कठड्याला चिकटून मी पहिला कार्यक्रम ऐकला, तेव्हा ड्रम छातीवर आदळत होते, पण गायकाचे शब्द कळत नव्हते. मुख्य स्पीकर दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा रोख पुढच्या ओळींच्या डोक्यावरून मागे असतो. साउंड इंजिनिअरचे टेबल जिथे मांडलेले असते, तिथेच तो आवाज जुळवत असतो, म्हणून त्या टेबलाच्या आसपास सहसा सर्वांत समतोल ऐकू येते. फार मागे उभे असाल आणि पडद्यावर ड्रमरची काठी आधी पडून ठोका नंतर ऐकू आला, तर त्याची लय सुटली असे समजू नये. ध्वनीला शंभर मीटर ओलांडायला सुमारे 0.3 सेकंद लागतात.

गाण्यांची यादी आधीच पाहून जाऊ नये, आणि नवे गाणे सुरू होताच उठून बाहेरही जाऊ नये. बँड सर्वांत मन लावून वाजवतो ते अनेकदा तेच गाणे असते. मोबाईलवर चित्रण करायचे असल्यास एका गाण्यापुरते करावे.

कानांबाबत मात्र हयगय नको. एसी/डीसीचे गायक ब्रायन जॉन्सन यांना 2016 मध्ये श्रवणशक्ती पूर्ण जाण्याच्या धोक्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने दौरा सोडावा लागला होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सरासरी 100 डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे, आणि रॉकच्या कार्यक्रमात ती सहज गाठली जाते. इअरप्लग घातल्याने संगीत बोथट होते ही समजूत फोमच्या साध्या बोळ्यांपुरती बरीचशी खरी आहे. संगीतासाठी बनवलेले इअरप्लग सर्व स्वर जवळपास सारख्या प्रमाणात कमी करतात, त्यामुळे शब्द उलट स्पष्ट होतात. फोमचेच वापरायचे असतील तर बोळा बोटांत वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर ओढावा, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर त्या रात्री हेडफोन लावू नयेत, आणि दुसऱ्या दिवसानंतरही ती थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरांना विनाविलंब दाखवावे.