बाबांच्या औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर कशी ओतायची

आमचे बाबा रोज सकाळी नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर जातात आणि येताना तिथल्या मंडळींकडून एखादा नवा काढा शिकून येतात. आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नसतो, हे ठरलेलं वाक्य. आणि डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण ते ओरडतील. आरोग्य विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला, १९९८ पासून अ‍ॅलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी सगळं एकाच छताखाली, पण आमच्या घरात मात्र बीपीच्या गोळीला काढ्याचा पत्ताच नाही!

तर आधी वाद घालू नका. "हे घेतल्यावर बरं वाटतं का?" एवढंच विचारा, मग आपोआप सगळं बाहेर येतं. आमच्याकडे फ्रिजवरच्या जुन्या कॉफीच्या बाटलीत तपकिरी चूर्ण निघालं, ना लेबल ना काही, गुडघ्यासाठी म्हणे कोणीतरी दिलेलं.

मग एक कापडी पिशवी घ्या आणि गोळ्या, चूर्ण, तेल, कारल्याचा ज्यूस, इसबगोल, सगळं जसंच्या तसं त्यात भरा, यादीवर विसंबू नका कारण यादीत ते नेमकं लपवायचं तेच लपवतात. डॉक्टरांना एकच विचारा, हे गोळीसोबत चालेल की गॅप ठेवू? हीच पिशवी वैद्यांनाही दाखवा.

काही गोष्टी आधीच माहीत असू द्या. ज्येष्ठमध रोज जास्त घेतलं तर बीपी वाढतं. शुगरच्या गोळीवर कारल्याचा ज्यूस घेतला तर शुगर एकदम उतरू शकते, घाम आणि थरथर सुटली की लगेच साखर द्या. इसबगोल आणि गोळ्यांत दोनेक तासांचं अंतर बरं. दुधीचा रस कडू लागला तर सरळ ओतून द्या, तो विषारी असू शकतो.

ते बिनलेबलचं चूर्ण मात्र मनाने झटक्यात बंद करू नका. सांधेदुखीच्या अशा पुड्यांमध्ये कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि बरेच दिवस घेतलेलं एकदम थांबवलं तर पेशंट कोसळू शकतो, म्हणून आधी डॉक्टर.

आमच्या डॉक्टरांनी प्राणायाम आणि तिळाच्या तेलाचं मालिश चालू ठेवायला सांगितलं, ते ऐकून बाबा इतके खूश झाले की ज्यूस त्यांनी स्वतःहून सोडला. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घ्यायचीये, तेव्हा पिशवी परत न्यायची, लसणाच्या कॅप्सूलसकट.